भोपळ्याच्या आत लिहिलेलं

“...आणि मूडच्या रकान्यात काय भरू, चाचा?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. ते भोपळ्याच्या कडेवरून कानस फिरवत होते.

चाचांचं मिरजेत तंतुवाद्यांचं दुकान आहे आणि तो भोपळा माझ्या तानपुऱ्याचा होता. गणपतीच्या आधी देतो म्हणाले होते, आता दसरा तोंडावर आला. म्हणून मी सकाळपासून तिथं ठाण मांडून बसले होते. भोपळ्याच्या तोंडावर बसते ती लाकडी फळी, तबली, आज माझ्यासमोर चिकटलीच पाहिजे असं मी बजावलं होतं. आणि नेमका हा सन्मती उपटला.

सन्मती मगदूम. दोन वर्षं चाचांच्या हाताखाली होता, हात बसत आला तसा काम सोडून गेला. आता स्वतः गाणी करतो, स्वतः गातो, घरातल्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड करतो आणि अ‍ॅपवर चढवतो. पाठीशी कंपनी नाही की कुणी वाली नाही.

“कसला मूड?” चाचांनी विचारलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. गाणं अ‍ॅपवर येण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. तो प्लेलिस्टच्या एडिटरकडे जातो. एडिटरला आवडलं तर गाणं यादीत लागतं आणि हजारो अनोळखी लोकांच्या फोनवर आपोआप वाजतं. नाही आवडलं तर काहीच होत नाही, साधा नकारसुद्धा येत नाही. फॉर्म एका गाण्याला एकदाच, आणि तोही आठवडाभर आधी. याचं गाणं पुढच्या शुक्रवारी यायचं होतं. म्हणजे आजचा दिवस शेवटचा.

आधीच्या तिन्ही गाण्यांचं काहीच झालं नव्हतं.

“एडिटर कोण?”

“माहीत नाही.”

“बसतो कुठं?”

“माहीत नाही. मुंबईत असेल.”

“ऐकतो का?”

“...ऐकत असेल.”

कानस चालूच राहिली.

फॉर्ममध्ये गाण्याबद्दल पाचशे अक्षरं लिहायची असतात. त्याचे अकरा मसुदे करून झाले होते. त्यानं त्यातला एक वाचून दाखवला, ‘मातीतला आवाज, पण आजच्या पिढीचा’. मी विचारलं, अरे, तिसऱ्या मजल्यावर राहतोस, माती कुठली आणलीस? तो हसला नाही. मूड दोनच निवडायचे होते. एकदा त्यानं ‘शांत’ आणि ‘उदास’ भरलं, एकदा ‘उदास’ आणि ‘आनंदी’, आणि पहाटे डोकं चालेना तेव्हा ‘शांत’ आणि ‘पार्टी’.

माझं गाणं कसलं आहे तेच मला कळेनासं झालंय, म्हणाला. आणि मग खाली बघत चाचांना विचारलं, तुमच्याबद्दल लिहू का? ऐंशी वर्षांचा कारागीर, हातानं घडवलेला तानपुरा. तिकडं असलं आवडतं म्हणतात.

“गाण्यात माझा तानपुरा आहे?”

“...नाही. पण घालता येईल.”

मी चहाचा कप तोंडाला लावला.

चाचांनी कानस खाली ठेवली. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

“कुणाला ऐकवायचंय?”

“सगळ्यांना.”

चाचांनी परत कानस उचलली.

“...आण्णांना,” सन्मती म्हणाला.

आण्णा म्हणजे त्याचे वडील. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, पूजेची पदं म्हणायचे. काय आवाज होता. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबायचा, मीही थांबलेली आहे. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता जे असेल ते पाटीवर लिहितात. या गाण्याची चाल त्यांचीच, ते अंगणात गुणगुणायचे ती. सन्मतीनं त्यांना घरी ऐकवली. आण्णांनी पाटीवर लिहिलं, तू तर वाजवणारच. त्यांना ती दुसऱ्या कुणाकडे तरी वाजताना ऐकायची होती. ना नात्याच्या, ना ओळखीच्या.

त्याला यादीशिवाय दुसरा रस्ता माहीत नव्हता. आणि पुढच्या गाण्यापर्यंत आण्णा असतील का, ते तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

मला राहवलं नाही. “मग हेच लिही की फॉर्ममध्ये.”

“बापाचं आजारपण विकू का, मॅडम?”

मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, कारण त्याचं बरोबर होतं.

चाचांनी तबली चिकटवायच्या सरसाचं भांडं शेगडीवर ठेवलं.

आता चाचांची एक रीत आहे. तबली बसवण्याआधी ते भोपळ्याच्या आत पेन्सिलीनं काहीतरी लिहितात. एकदा तबली बसली की ते कुणाला दिसत नाही. मी एकदा विचारलं होतं, काय लिहिता? वाद्याला सांगायचं ते, एवढंच म्हणाले. फुटलेला एक तानपुरा बऱ्याच वर्षांनी दुकानात परत आला, तेव्हा आतलं लिहिलेलं त्यांनी मालकालाही वाचू दिलं नाही. घासून टाकलं.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि सन्मतीपुढे धरली.

“लिही.”

“काय?”

“एडिटरला सांगायचं ते.”

“...पाचशे अक्षरं?”

“भोपळा मोजत नाही.”

मी उठलेच. म्हटलं, चाचा, तानपुरा माझा आहे. चाचा म्हणाले, बाई, जरा सरसाकडे बघा, उतू जाईल. झालं, मी शेगडीपाशी.

सन्मतीनं सवयीनं फोन काढला. चाचांनी तो काढून घेऊन कानशींच्या खणात टाकला.

मग त्यानं पेन्सिल घेतली आणि एक ओळ लिहिली. मग दुसरी. मग भोपळा मांडीवर घेऊन आतल्या बाजूनं गोल गोल लिहीतच गेला. एकदा बाहीनं डोळे पुसले. मी हळूच डोकावायला गेले तर चाचांनी भोपळ्याचं तोंड पलीकडे फिरवलं.

तो थांबला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

“चाचा, हेच होतं. अकरा मसुद्यांत आलं नाही ते हेच. कुठं रडगाणं नाही, काही नाही. फोन द्या, उतरवून घेतो.”

चाचांच्या हातात कुंचला होता. कडेला गरम सरस फिरला, तबली बसली, वरून सुतळीचे वेढे आवळले गेले. सरस थांबत नाही. दहा आकडे मोजेपर्यंत निवतो, आणि मग तबली उचलायला गेलं तर फाटते. हे सन्मतीला माहीत होतं. दोन वर्षं त्यानं तेच काम केलं होतं.

“चाचा... मी उतरवून घेतलं नव्हतं.”

“बघितलं मी.”

“मला परत तसं जमणार नाही.”

चाचांनी सुतळीची गाठ मारली.

मला पोराची दया आली, चाचांचा संताप आला. आणि दुसऱ्याच्या मनातलं इतकं सगळं माझ्या तानपुऱ्यात बंद झालं होतं, त्याचं मी काय करायचं तेही कळेना.

चाचांनी खणातून फोन काढला, सदऱ्याला पुसला आणि त्याला परत दिला. फॉर्म तसाच उघडा होता. पाचशे अक्षरांची चौकट रिकामी.

“मग इथं आता काय भरू?” सन्मतीनं विचारलं.

चाचांनी तबलीवर बोटानं हलकेच टिचकी मारली. कान लावून ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्याकडे.

“शुक्रवारी आण्णांना घेऊन ये. मी तारा चढवून ठेवतो, बाई छेडतील. तू काय लिहिलंयस ते त्यांना ऐकू दे.”