हौदामागचं हिरवं गवत

एका डोंगरमाथ्यावरच्या वस्तीत केरबा नावाचा गवळी राहत होता. वर विहीर नव्हती. घरामागचा दगडी हौद पावसाळ्यात भरायचा आणि त्यावरच पुढच्या पावसापर्यंत माणसांचं नि गुरांचं भागायचं.

केरबाची मुलगी येसू आणि धाकटा बिरू दिवसभर हौदाभोवती खेळत. थंडी सरता सरता येसूला दिसलं, की सगळीकडचं गवत वाळलं आहे, पण हौदाच्या मागच्या भिंतीखाली मात्र ते हिरवंगार आहे. तिने माती उकरली. ती ओली लागली. तिने धावत जाऊन वडिलांना सांगितलं.

केरबा धारा काढत होता. त्याने मानही वर केली नाही. हौद आजोबांनी बांधलाय, तो गळायचा नाही, असं म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. येसूने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. मग बिरूला घेऊन ती स्वतःच चिखलाने भिंत लिंपू लागली. केरबाने दोघांचे माखलेले कपडे पाहिले आणि तो फार रागावला. त्यानंतर मुलांनी तो विषय काढला नाही.

उन्हाळा अर्धाही सरला नव्हता, तोच हौदाचा तळ दिसू लागला. केरबाने गुरं डोंगराखाली सासुरवाडीला पोचवली. कपिली गाय तेवढी मागे राहिली. ती गाभण होती, घाट उतरणं तिला झेपलं नसतं. केरबा खालच्या झऱ्यावरून कावडीने पाणी आणायचा. ते घरालाच जेमतेम पुरायचं. येसू आपल्या वाटचं पाणी गुपचूप कपिलीला पाजायची. पाऊस यायच्या आधीच कपिली गेली. तिच्या पोटातलं वासरूही गेलं.

तिला पुरून आल्यावर केरबा कोरड्या हौदात उतरला. मागच्या भिंतीत, तळाशी, नख आत जाईल एवढी बारीक फट होती. तो तिथेच खाली बसला. येसू काठावर उभी होती.

"पोरी, मला पुन्हा एकदा का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते आबा. पण तुम्ही रागावला असता."

केरबा वर चढून आला आणि तिच्याशेजारी काठावर बसला.

पावसाआधी त्याने फट चुन्याने बुजवली. आता तो मुलांना घेऊन घरभर हिंडतो. भिंतीला तळहात लावून ओल कशी ओळखायची, रांजणाखाली राख पसरून झिरपा कसा पाहायचा, हौदात पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण करून सकाळी ती कशी तपासायची, हे तो शिकवतो. बिरू मोठ्याने ओरडून जागा दाखवतो. येसूलाही ओल दिसते. पण ती आधी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहते आणि मगच हळू आवाजात सांगते.

तात्पर्य: लहान मुलं जे दाखवतात ते उठून पाहावं. भिंतीतली फट बुजवता येते, पण एकदा गप्प केलेलं मूल पहिल्यासारखं मोकळं बोलायला फार काळ लागतो.