उंडीच्या तेलाचा दिवा

सांगा मंडळी, भरवसा कुणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर, की उलटं लटकून टोमणे मारणाऱ्यावर? घाईने उत्तर देऊ नका, आधी ऐका.

एका राज्यात, अगदी समुद्राच्या काठी, उंडीच्या झाडांची राई होती. लाकूड होड्यांना, बियांचं तेल बंदराच्या दिव्याला, त्यातूनही उरलं तर म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना. पण राजा मेघवर्म्याला शंभर जहाजं हवी होती. त्याने राई तोडली ती तोडली, एक रोप म्हणून लावलं नाही.

राईत एक मांत्रिक राहत असे. तो उघड्यावर आला आणि म्हणाला, "राजा, समुद्रावर गेलेला तुझा पुत्र आजपासून जहाजासह धुक्यात अडकेल. शिधा आहे ऐंशी दिवसांचा. उंडीची फळं शोध, तेल काढून बंदरावर दिवा लाव, रोप उगवून दाखव. तीनही झालं, तरच तो परतेल." एवढं बोलून तो खेकडा झाला नि वाळूत शिरला.

राजाने येसू तेलिणीला बोलावलं. ती म्हणाली, "महाराज, वाघळं उंडीच्या फळांची साल-गर खातात आणि बिया टाकतात. त्यांच्या गुहेत पाहावं."

गुहेत म्हातारं वाघूळ लटकलं होतं. "या राजेसाहेब! आमचं घर तोडलंत, आता उष्टं वेचायला आलात?"

राजाने हात जोडले. दोन टोपल्या बिया मिळाल्या.

दरबारातला सोनेरी पोपट म्हणाला, "महाराजांनी वाट पाहावी? छे! आजच घाण्यात घाला." एक टोपली घाण्यात गेली. बैल दमला, येसू दमली. निघाला पांढरा चोथा, तेलाचा थेंब नाही.

खिडकीला लटकून वाघूळ खो खो हसलं. "ओल्या खोबऱ्याचं तेल घाण्यावर निघतं का हो? बिया फोडा. आतला गर तांबूस, चिकट होईस्तो साठ दिवस वाळवा."

"साठ दिवस? आणि माझा मुलगा?"

"शिधा ऐंशींचा आहे. मोजता येतं ना?"

येसूने मूठभर बिया वाळूत पेरल्या, बाकीच्या फोडून गर अंगणात पसरला. राजा स्वतः कावळे हाकत बसला. पोपट रोज म्हणे, "आज घाला!" चाळिसाव्या दिवशी राजा उठलाच. येसू आडवी आली.

"महाराज, आज हात लावलात तर मुलाला मुकाल."

राजा खाली बसला.

साठ दिवस भरले आणि घाण्यातून गडद हिरवं तेल वाहिलं. दिवा लागला; त्यात तेल राजा स्वतःच घाली. धुक्यात जहाज दिसलं, पण जागचं हलेना. रोप कुठे होतं?

वाळूतल्या बिया होत्या तशाच. वाघूळ म्हणालं, "एवढं टणक कवच, कोंब बाहेर येईल कुठून? हलकेच तडा द्या."

राजाचा हात पडला तलवारीचा. दोन बियांचा चुराडा झाला. तिसरीवर त्याने श्वास रोखून दगड टेकवला. टक्क! मग साऱ्याच बिया तशा तडकवून त्याने पुन्हा पेरल्या.

ऐंशीव्या दिवशी वाळूतून कोंब वर आला. धुकं फाटलं, जहाज धक्क्याला लागलं.

"आबासाहेब, हात असे चिकट का?" राजपुत्राने विचारलं.

"तुझी वाट पाहत होतो," राजा म्हणाला.

वाळूतून खेकडा निघाला, माणूस झाला आणि रोपाला पाणी घालू लागला. राजा दुसरा घडा घेऊन त्याच्यामागे गेला.

तर मंडळी, एक विनंती. झाड तोडाल ते वहीत लिहा, लावाल तेही लिहा, आणि दोन्हीकडचा आकडा खरा लिहा.