भाईसाहेबांचं शहाणं कुलूप

काजळवाडीच्या देवस्थानाचे अध्यक्ष भाईसाहेब खानविलकर यांनी देवीच्या दागिन्यांच्या पेटीला मोठ्या रुबाबात इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवलं.

"हे जागा ओळखतं! पेटी देवळात असेल तरच उघडणार. चोराने नेली तर बसेल डोक्याला हात लावून!"

शिमग्याला देवीला सजवायची वेळ आली, आणि देवळातच कुलूप उघडेना.

"यंत्र बिघडलं," भाईसाहेब लगेच म्हणाले. "पेटी दुरुस्तीला माझ्या घरी पाठवा."

चंद्राक्का गुरवीण म्हणाली, "मुद्दाम कशाला पाठवायची? पालखी घरोघरी जाणारच आहे. पेटीही पालखीतच ठेवू."

भाईसाहेबांना घाम फुटला. "यंदा आमच्याकडे पालखी नको. सुतक आहे."

"अगोबाई! कोण गेलं?"

"आई," भाईसाहेब बोलून गेले.

आई समोरच आरतीचं ताट घेऊन बसली होती. "मेल्या, मी जिवंत आहे!" असं ओरडून ती उठली आणि पालखीपुढे चालू लागली.

खानविलकरांच्या अंगणात पालखी टेकली मात्र, कुलूप खट्कन उघडलं.

"झालं वाटतं दुरुस्त," भाईसाहेब पुटपुटले.

"बिघडलं होतं कुठे?" चंद्राक्का म्हणाली. "तुम्ही शिकवलेलं घर त्याने बरोब्बर ओळखलं!"