हात पुढे येईपर्यंत

एकदा एका वैद्यबुवांनी आपल्या शिष्याची नाडी भर दवाखान्यात, सगळ्या रोग्यांदेखत पाहिली, आणि तो बिचारा कानशिलापर्यंत लाल झाला. बुवा स्वभावाने मवाळ. कुणाचा पाणउतारा करताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे यांना आज हे काय सुचलं, असं तिथल्या प्रत्येकाला वाटलं. सगळ्यांत जास्त त्या शिष्याला वाटलं.

शिष्य हुशार होता. आयुर्वेदाची पदवी घेऊन तो बुवांकडे नाडीपरीक्षा शिकायला राहिला होता आणि त्याच्या बोटांना उपजत जाण होती. पण विद्या अंगात मुरू लागली की तिची खोडही लागते. लग्नाच्या पंगतीत आग्रह करायला आलेल्या वरमाईचे डोळे पाहून हा म्हणाला होता, "पित्त वाढलंय तुमचं." रिक्षात शेजारी बसलेल्याची नखं तो न्याहाळत बसे. समोरच्याने तोंड उघडण्याआधीच याने त्याला अर्धा तपासलेला असे.

बुवांची एक रीत मात्र त्याला उमगली नव्हती. लहान मूल आलं की बुवा त्याचा हात धरत नसत. आई म्हणे, "धरा हो तुम्ही, मी घट्ट पकडून ठेवते." तरी नाही. आपला तळहात उताणा करून ते मांडीवर ठेवत आणि काऊचिऊच्या गप्पा मारत बसत. मूल कधीतरी आपणहून त्यावर हात ठेवी. कधी ठेवतही नसे. एवढ्याशा पोरासाठी एवढा खोळंबा कशाला, असं शिष्याच्या मनात येई. मुलाच्या आईच्याही मनात ते येई, आणि शिवाय आपलंच मूल असं का, आपलंच काही चुकतंय का, हेही येई. आयांच्या मनात ते येतंच.

तर या शिष्याची मोबाइलवर, जोडीदार शोधायच्या एका ॲपवर, हेमांगीशी ओळख झाली. या गोष्टीत बाकी कुणाला नाव नाही. तिला आहे, कारण ते तिने स्वतः निवडलं होतं आणि ते लोकांच्या तोंडी रुळायला फार वर्षं लागली होती. ती शाळेत भूगोल शिकवायची. आपण ट्रान्स स्त्री आहोत हे तिने आपल्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आणि दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की पोहे तिला अजूनही जमत नाहीत. शिष्य हसला आणि त्याने कांदा कधी घालायचा ते लिहून पाठवलं. मग रोजच लिहू लागला. दिवसभरात काही गमतीचं घडलं की हे हेमांगीला सांगायला हवं, असं त्याच्या मनात आपोआप येऊ लागलं. तिच्याही येत असावं, कारण नकाशावर मुंबई राजस्थानात दाखवणाऱ्या पोरांच्या हकिकती ती शाळा सुटल्याबरोबर पाठवायची.

भेटायचं ठरलं. हॉटेल त्याने निवडलं, टेबलही त्यानेच, खांबामागचं. थालीपीठ आलं, लोणी आलं, आणि त्याने विचारायला सुरुवात केली. हे तुम्हाला कधीपासून जाणवलं? औषधं कोणती? शस्त्रक्रिया झाली का? कुठली? आधीचं नाव काय होतं? हेमांगीने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, दुसऱ्याचं अर्धं दिलं. मग ती ताटलीकडे पाहत राहिली. थालीपीठ तसंच टाकून "उशीर होतोय मला" म्हणाली आणि निघून गेली. संध्याकाळी तिचा निरोप आला. 'रागावले नाही. दमले. सध्या नको लिहू या.'

ते वाचून शिष्याचा जीव कासावीस झाला. ती हातची गेली तर, या विचाराने त्याचं कामात लक्ष लागेना. शेवटी त्याने बुवांना सगळं सांगितलं, अगदी प्रश्नांसकट. शेवटी म्हणाला, "गुरुजी, पण मी काही वावगं नाही बोललो. अगदी आदरानेच विचारलं. एकेरीवर सुद्धा आलो नाही."

"हं," एवढंच बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखाना भरलेला असताना त्यांनी हाक मारली, "या, बसा." शिष्याने मागे वळून पाहिलं. बुवा त्याला कधी अहोजाहो करत नसत. "आपणच, आपणच. बसावं." तो रोग्याच्या स्टुलावर बसला. बुवांनी त्याचं मनगट पकडलं, डोळे मिटले आणि खड्या आवाजात म्हणाले, "आपली झोप उडालेली आहे. आपला कोठाही साफ होत नसावा. कधीपासून?"

"गुरुजी..."

"लाजू नये. केस गळताहेत, म्हणून आपण टाळूला चोरून तेल लावता. आणि आपण लहानपणी अंथरूण ओलं करत होता का? किती मोठे होईपर्यंत?"

बाकावर खसखस पिकली. गुडघे दुखतात म्हणून नेहमी येणाऱ्या एक काकू कळवळून म्हणाल्या, "अरे, इसबगोल घे रे गरम दुधातून. आमच्या ह्यांना फरक पडला."

शिष्याने हात हिसकावून घेतला. "गुरुजी, सगळं खरं असेल. पण मी कुठे दाखवायला आलो होतो?"

बुवांनी डोळे उघडले. "पण मी अगदी आदरानेच विचारलं," ते म्हणाले. "एकेरीवर सुद्धा आलो नाही."

शिष्य उठला आणि मागच्या खोलीत जाऊन काढ्याच्या पातेल्यापाशी उभा राहिला. पातेल्याखाली शेगडी पेटवलेली नाही, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर बुवा आत आले. "तुला चारचौघांत लाजवलं, त्याबद्दल क्षमा कर," ते म्हणाले. "याहून सौम्य उपाय मला सुचला नाही. कदाचित असेलही एखादा. आता ऐक. मूल आलं की मी हात मांडून बसतो, ते तुला वेळ घालवणं वाटतं. पण नाडी ज्याची त्याची असते. हात पुढे येईपर्यंत तिच्यावर वैद्याचा काही अधिकार नाही, आणि हात आला तरी अधिकार मनगटापुरता. ती बाई तुला भेटायला आली होती. तिचा भूगोल, तिचे विनोद, तिचे बिघडलेले पोहे, सगळं घेऊन आली होती. तू ते बाजूला सारलंस आणि तिला स्टुलावर बसवलंस. असं तिला आजवर किती जणांनी बसवलं असेल, याचा विचार केलास?"

शिष्याने नकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाला, "पण काहीच विचारायचं नाही, तर मला कळायचं कसं?"

"तुला काय कळायला हवं होतं?"

तो पातेल्यातली पळी उगाच फिरवू लागला. "मला भीती वाटत होती," शेवटी म्हणाला. "आई काय म्हणेल, लोक काय म्हणतील. मला हे निभेल का. सगळं आधी नीट समजून घेतलं तर भीती जाईल, असं वाटलं."

"हे तिला सांगितलंस?"

"नाही."

"म्हणजे तिचा हात ओढलास आणि स्वतःचा पाठीमागे लपवलास," बुवा म्हणाले आणि त्यांनी शेगडी पेटवली.

त्या संध्याकाळी शिष्याने हेमांगीला लिहिलं. 'मी भेटायला म्हणून आलो आणि तुम्हाला तपासत बसलो. खांबामागचं टेबल मी मुद्दाम घेतलं होतं, कुणी ओळखीचं बघू नये म्हणून. दोन्ही चुका माझ्या. पुन्हा भेटायचं का, कुठे, हे तुम्ही ठरवा. नको असेल तर उत्तरही देऊ नका.' त्यानंतर त्याने दुसरं काही पाठवलं नाही. पाठवावंसं रोज वाटलं, पण मांडलेला हात मांडलेलाच ठेवायचा असतो, एवढं त्याला आता कळलं होतं.

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. 'रविवारी तळ्याकाठची बाग. भेळवाल्यासमोरचा बाक. तिथे खांब नाही.'

बाग माणसांनी फुललेली होती. दोघं बाकावर बसली. थोडा वेळ भेळेचाच आवाज. तेवढ्यात समोरून, नातीचं बोट धरून, गुडघेदुखीवाल्या काकू येताना दिसल्या. उठून दुसरीकडे जाता आलं असतं. शिष्य बसून राहिला.

"काय रे," काकू लांबूनच ओरडल्या, "घेतलंस का इसबगोल?"

"घेतलं, काकू," तो उभा राहत म्हणाला. "या हेमांगी. मी यांना भेटायला आलोय." तिच्याविषयी तो एवढंच बोलला. बाकीचं सांगायचं की नाही, हा तिचा प्रश्न होता.

काकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं बरं. भेळ तिखट असते हो इथली, याला सोसायची नाही," असं हेमांगीला बजावून त्या पुढे गेल्या.

हेमांगीच्या डोळ्यांत हसू होतं. "इसबगोल?"

मग त्याने सगळं सांगितलं. स्टूल, कोठा, चोरून लावलेलं तेल, काहीही न गाळता. तिला हसू आवरेना, भेळ सांडली. ती हसत असतानाच तो म्हणाला, "मला भीती वाटते, हेही सांगायचं होतं. घरच्यांची. आणि मी कमी पडेन याची." ती हसायची थांबली, पण उठली नाही.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "दर पहिल्या भेटीला, घराबाहेर पडताना."

त्यावर त्याने काही विचारलं नाही. ऐकत राहिला. तिने आणखी थोडं सांगितलं, आपल्याला हवं होतं तेवढंच, आणि मग ती पोरांच्या नकाशांवर आली. उन्हं कलली. भेळवाल्याने कंदील लावला.

निघताना हेमांगीने आपला हात दोघांच्या मधे बाकावर ठेवला, उताणा. "बघा," ती चिडवत म्हणाली, "काय सांगते नाडी?"

शिष्याची बोटं सवयीने मनगटाकडे निघाली आणि थांबली. त्याने नाडी पाहिली नाही. नुसता हात हातात घेतला.