पुढच्या पिढीच्या वाट्याचं

किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात तंत्रज्ञान आणि शाश्वत विकासावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. सूत्रसंचालन तिथलीच विद्यार्थिनी असलेल्या शर्वाणी भाटकरकडे होतं. जेवणाआधी तिच्याच गटाला मासळी सुकवणारं सौरयंत्र दाखवायचं होतं. त्यासाठी पोरं वर्षभर राबली होती.

संस्थेचे अध्यक्ष बाबाराव खानविलकर तासभर बोलले. शेवटी गरजले, "पुढच्या पिढीच्या वाट्याचं आपण आज संपवायचं नाही, हाच शाश्वत विकास!" मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फोटो. पाहुणे काही संपेनात.

बाबारावांनी शर्वाणीला खुणेने बोलावलं. "पोरी, वेळ संपत आला. तुमचं यंत्र राहू दे."

"आणि सत्कार, सर?"

"ते व्हायलाच हवेत. मोठी माणसं आहेत."

"बरं," म्हणत ती माइकपाशी गेली.

"आमच्या पिढीच्या वाट्याचा अर्धा तास अजून शिल्लक आहे. तो संपू नये म्हणून अध्यक्ष उरलेले सत्कार जेवणानंतर करणार आहेत. बोलल्याप्रमाणे वागणाऱ्या सरांसाठी जोरदार टाळ्या!"

हेच तिने इंग्रजीतही सांगितलं. परदेशी पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बाबाराव हातातल्या शालीची घडी करत हसले, हसावंच लागलं.

शर्वाणीने यंत्राचं झाकण उघडलं. सुक्या बांगड्याचा वास थेट पहिल्या रांगेपर्यंत गेला.