राशीचा उजेड

"पण मीठ राखेसारखं का दिसतंय, काकी?"

हेमांगीनं कॅमेरा पुढं केला. गोदाकाकीनं त्यात बघितलंसुद्धा नाही. ती मिठाच्या राशीकडं बघत राहिली.

रास पांढरीफेक. ऊन चढत चाललेलं. डोळे उघडे ठेवू म्हटलं तर ठेववत नव्हते.

खाडीकाठचं हे मिठाचं आगर मथुराबायनं उभा जन्म राबून राखलं. आता ते विकलं गेलं होतं. ही शेवटची रास. दुपारी ट्रक येणार, मीठ भरून नेणार, मग बांध फुटणार आणि मातीचा भराव पडणार. मथुराबाय रडली नाही, भांडली नाही. लेकीकडं एकच गोष्ट मागितली.

"राशीबरोबर माझा एक फोटो काढ. भिंतीवर लावीन. पण मीठ पांढरं दिसू दे गो. मी कधी मळकं मीठ काढलं नाय."

लेक म्हणजे हेमांगी. गोदाकाकीच्या फोटोच्या दुकानात शिकत होती. कॅमेऱ्याची बटणं तोंडपाठ, आणि तोरा असा की नाकावर माशी बसायची नाही. म्हणाली होती, "त्यात काय, चुटकीसरशी काढते. काकीला कशाला तसदी?"

सकाळपासून चुटक्या वाजवून बोटं दुखायला लागली. शेवटी आईनंच काकीला निरोप धाडला.

"ऊन फार आहे," हेमांगी सांगू लागली, "म्हणून मी उजेड कमी केला. तर मीठ आणखीच काळवंडलं."

"कमी करायला कुणी सांगितलं?"

"उजेड जास्त, तर कमी करायचा. सरळ आहे."

"सरळ आहे तर मला कशाला बोलावलंस?"

"मी नाय बोलावलं. आयेनं बोलावलं."

बांधावर बसलेली मथुराबाय तोंडाला पदर लावून हसली.

काकीनं राशीकडं बोट केलं. "नुसत्या मिठाचा काढ. चौकट भरून. डब्याला त्याच्या मनानं काढू दे."

कॅमेऱ्याला काकी डबाच म्हणायची. किती का महाग असेना.

हेमांगीनं काढला.

"आता नुसत्या चिखलाचा."

पायाखालचा चिखल खाडीचा, काजळासारखा काळा. तोही काढला. मग पडद्यावर एकामागून एक दोन्ही बघितले...

मीठ राखाडी. चिखलही राखाडी. दोघं सख्खे भाऊ वाटावेत इतका रंग एक.

हेमांगी थबकली. मग एकदम ओरडली.

"म्हणजे याला सगळं मधलंच हवं, ना पांढरं ना काळं! मग मिठाला उजेड वाढवायचा! भर उन्हात वाढवायचा! आणि चिखलाला कमी करायचा!"

"मी कुठं काय बोलले?"

"तुम्ही नायच बोललात. मीच शोधलं."

झाली अर्ध्या हळकुंडानं पिवळी. तिनं कॅमेऱ्याचं चाक पुढं फिरवलं, उजेड वाढवला आणि रास काढली. मीठ पांढरंशुभ्र. खडा न् खडा वेगळा.

"आये, ऊठ! राशीपुढं उभी राहा!"

मथुराबाय उठली. लुगडं झटकलं. राशीला पाठ लावून ताठ उभी राहिली. रास मागं, सूर्यही मागं.

फोटोत मीठ पांढरं आलं. मथुराबाय मात्र नाही. तिच्या जागी मिठात भोक पडल्यासारखं काळं काहीतरी. ना नाक, ना डोळे.

हेमांगीनं चाक आणखी फिरवलं. आईचं तोंड उगवलं, पण रास बुडाली. मागं कोरा कागद, आणि आई हवेत लोंबकळलेली.

परत फिरवलं. मीठ आलं, आई गेली.

"काकी..." आता आवाज खाली आला होता. "मीठ राखावं तर आई जाते. आईला राखावं तर मीठ जातं. काय करू?"

काकी बांधावर जाऊन बसली.

"काकी, सांगा ना."

काकीनं चपलेचा चिखल बांधाच्या दगडाला घासला...

लांब रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. मथुराबायनं तिकडं बघितलं आणि पुन्हा ताठ उभी राहिली.

हेमांगीनं पिशवीत हात घातला. पावडरची डबी काढली आणि आईच्या तोंडावर थापायला लागली. कपाळ, गाल, मान, काही सोडलं नाही.

"हे कशाला गो?"

"हलू नको. जरा उजळ दिसशील. कॅमेऱ्याला सोपं जाईल."

"लग्नातपण अशीच थापली होती," मथुराबाय म्हणाली. "फोटो आला तेव्हा सासू विचारायला लागली, ही कुठली पाहुणी?"

हेमांगी हसली. मथुराबाय हसली नाही. तिनं मान खाली घातली होती. इतका वेळ ताठ उभी होती, ती आत्ता वाकली.

काकी उठली.

बाटलीतलं पाणी पदरावर ओतलं आणि मथुराबायचं तोंड खसाखसा पुसलं. भांडं घासावं तसं.

"काकी! अहो, आता परत काळी..."

"हां. काळी."

मथुराबायची मान वर आली.

काकीनं तिचे खांदे धरले, तिला राशीच्या पलीकडं नेलं, राशीकडं तोंड करून उभं केलं. सूर्य आता पाठीवर. हेमांगीला बाजूला जायची खूण केली.

"मथुरे, मीठ निघालं की रोज काय करतेस?"

"बघते."

"मग बघ की."

मथुराबाय राशीपाशी उकिडवी बसली. दोन्ही हातांनी ओंजळ भरली आणि डोळ्यांजवळ नेली. मळ आहे का, खडा कसा आहे. रोजची सवय. फोटो, लेक, काकी, ट्रक, सगळं विसरली.

आणि उन्हात तळपणाऱ्या मिठानं आपला उजेड तिच्या तोंडावर फेकला. हनुवटीखालून वर गालांवर, गालांवरून कपाळावर. तेल प्यालेल्या शिसवीसारखा चेहरा चमकला. कपाळावरचं हिरवं गोंदण दिसलं. हेमांगीनं ते कुठल्याच फोटोत आजवर बघितलं नव्हतं.

तिचं बोट चाकावर गेलं. तिनं मिठाकडं बघितलं. आईकडं बघितलं. चाक हलकेच मागं घेतलं...

खट्.

उन्हात पडद्यावर काही दिसेना. काकीनं पदराचा आडोसा केला. तीन डोकी त्याखाली गेली.

मीठ पांढरं. मथुराबाय काळी. खडा न् खडा, सुरकुती न् सुरकुती.

मथुराबायनं बराच वेळ बघितलं.

"हां," ती म्हणाली. "ही मी. आणि हे माझं मीठ."

मग पदर खोचला आणि ट्रकवाल्यांकडं निघाली. आगराची मालकीणच जणू. लांबूनच ओरडली, "फावडं वरच्यावर मारा रे! मिठात मातीचा कण गेला तर ट्रक हलू देणार नाय!"

हेमांगी तिच्या पाठीकडं बघत राहिली.

"काकी, म्हणजे डबाच चुकतो तर?"

"चुकत नाय. घाबरतो."

"कशाला?"

"पांढरं बघितलं की घाबरतो. काळं बघितलं की घाबरतो."

हेमांगीच्या पिशवीतून पावडरची डबी डोकावत होती. काकीनं ती बोटानं आत ढकलली. मग बांधावर थाटात उभ्या राहिलेल्या मथुराबायकडं हनुवटी उडवली...

"तू कुणाची लेक गो? डब्याची, का हिची?"