निंबा कोण होता

फार पूर्वी, चहूबाजूंनी तट असलेल्या एका गावात जुन्या पोथ्यांचा नाद लागलेला एक गृहस्थ राहत असे. एखादा शब्द कुठून आला हे शोधता शोधता त्याची दुपार कधी सरे, ते त्यालाच कळत नसे. गावात त्याला मान होता, आणि तो नुसता पोथ्यांमुळे नव्हता. त्याच्या पणज्याने एका हल्ल्यात वेशीला अडसर घालून गाव वाचवले होते, म्हणून जत्रेतला मानाचा नारळ वेशीच्या आत याच घराने फोडायचा.

त्या गावात पळपुट्या माणसाला 'निंबा' म्हणत. याहून वाईट शिवी नव्हती. "कडुनिंबावरून आला असणार," असे तो गृहस्थ पारावर ठोकून देई आणि लोक माना डोलवत.

एके वर्षी खळ्याला आग लागली. राखणदार पाठ फिरवून पळाला, हे साऱ्यांनी पाहिले. धान्य जळून गेले. दुसऱ्या दिवशी तो परतला, तर पोरेसुद्धा ओरडली, "निंबा आला रे, निंबा!" तो बोलायला लागला की कुणीतरी म्हणे, "गप रे निंब्या!" शेवटी तो बोलायचाच थांबला.

पाटलांनी त्याला गावाबाहेर काढायचे ठरवले. ते पोथीवाल्याकडे आले.

"उद्या चावडीवर या शब्दाचं मूळ वाचून दाखवा. पोरांना जन्मभर धाक राहील."

"त्यात काय अवघड! काढतो शोधून."

त्याने हल्ल्याच्या वेळची पोथी उघडली. वाचता वाचता तो एका ओवीपाशी थांबला.

मशाल घेऊनि निंबा धांवला रानीं । वैरी नेले मागें लावुनी ।
परतोनि आला पहाटक्षणीं । वेस न उघडिली ॥

निंबा हे माणसाचे नाव होते! पुढच्या ओव्या त्याने पुन्हा पुन्हा वाचल्या. मागे वैरी असतील या भीतीने, निंबाचा आवाज ओळखूनही, पणज्याने अडसर काढला नव्हता; निंबा बाहेरच राहिला. सकाळी लाज झाकायला त्यानेच हाकाटी केली होती, 'निंबा पळाला!' गाव तो माणूस विसरले. शिवी तेवढी उरली.

बायको दारात आली. "अहो, चेहरा का असा पांढरा पडलाय?"

"आपण इतकी वर्षं कुणाचा नारळ फोडतोय गं?"

त्याने सारे सांगितले. ती त्याच्याजवळ येऊन बसली. "मग उद्या काय वाचणार?"

त्याने पोथी बांधून उशाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी चावडीवर त्याने सगळे वाचले. पणज्याचे नावही गाळले नाही.

"अहो, हे तुमच्याच घरावर उलटलं की!" पाटील म्हणाले.

"उलटू दे, पाटील. पण हा राखणदार पळून गेला कुठे, हे कुणी विचारलंत का? मीही नाही विचारलं."

कुणीच विचारले नव्हते. राखणदाराने हळूच दोन्ही हात उघडले. तळवे भाजून निघाले होते.

"वारा ओढ्याकडे होता. तिथं पाथरवटांची पालं होती, आत लेकरं झोपलेली. पालं पेटली. लेकरं बाहेर काढली आणि तिथंच पडून राहिलो."

पाटलांनी लगेच माणूस धाडला. पुढच्या गावी पाथरवट भेटले. लेकरे सुखरूप खेळत होती.

त्या वर्षी जत्रेत मानाचा नारळ वेशीच्या आत फुटला नाही. पोथीवाल्याने अडसर काढला, नारळ बाहेर नेला आणि राखणदाराच्या भाजलेल्या हातांत दिला.

तात्पर्य: ज्याला शिवी देऊन गप्प केले, त्याचे आधी ऐकावे, आणि खरे आपल्याच घराला मान खाली घालायला लावत असले, तरी ते दडवू नये.